खळीपासून

बांबोळीला फोटोच्या खोलीत
भिंतीवर निळं कापड ताणलंय.
टेरिकॉट. उभा धागा तिरका गेलेला.
"हात कमरेवर, माई. आता वर. डावीकडं वळा."
आग्नेल त्याचं नाव, माझ्या धाकट्याच्या वयाचा,
माझ्याकडं नाही, पडद्याकडं बघतो.
चेहरा येत नाही म्हणाला,
चौकट हनुवटीशी संपते.

गळ्याखालच्या खळीवर काळा ठिपका.
तिथून मापायचं.

मला हसूच आलं.
माशेलच्या बाजारात एकतीस वर्षं
मीही तिथूनच टेप सोडते:
खळी ते टोक, टोक ते टोक,
आणि वहीत पेन्सिलीनं लिहिते,
बायांची मापं पुसावी लागतात म्हणून.

डावी एकोणीस पॉइंट सहा,
उजवी बावीस पॉइंट एक.
म्हणजे एक इंच. सरळ सांगायचं ना.

मग रंगातला फरक, वणाची लांबी,
खालची कड किती उचलली ते.
मशीन चारांतला एक शेरा देतं:
उत्तम, चांगले, बरे, वाईट.
"यात कुणाचं मत नसतं," डॉक्टर वेर्लेकर म्हणाली,
"माझंसुद्धा."

माझं आलं: बरे.

मराठी शाळेत गुरुजी हाच शेरा लाल शाईनं द्यायचे,
तो घरी दाखवायची लाज वाटे.
पण तापातून उठलेल्याला आमच्याकडं विचारतात,
"बरी मगो?"
आणि तो मान हलवतो, पेज मागतो.

सांगू का डॉक्टर,
सरपंचाच्या सुनेची उजवी अर्धा इंच खाली,
लोटलीकर बाईंचा एक खांदा दुसऱ्याचं ऐकत नाही,
आणि दोन्ही बाजू सारख्या अशी बाई
माझ्या वहीत एकच, तिचंही मला वाटतं
माप घेताना लाईट गेली होती.
मी कुणाला बोलले नाही.
टक्स सरकवला, अस्तर लावलं, इस्त्री फिरवली.

तुमचा टाका मात्र आतून आहे. गाठ कुठं दिसत नाही.
त्याला मी उत्तम दिलं असतं.

"वर्षानं या. शेकामुळं अजून आखडेल," म्हणाली.
बाणस्तारीचा पूल येईस्तोवर
आकडे तोंडपाठ म्हणत बसले.
शिवणाऱ्या बाईचं माप कोण घेतं?
इतकी वर्षं जुन्या पोलक्यावर नवं बेतत आले.

आज वहीत माझ्या नावाचं पहिलं पान.
डावा टक्स इंचभर वर.
आणि उसवून पुन्हा घालता येईल इतकी,
दोन्हीकडं, बोटभर माया.