गडगा

सोमवारी ट्रकने चिरे ओतले
अंगणवाडीच्या दारात, दोनशे.
रस्ता रुंद झालाय, पोरं बाहेर धावतील,
गडगा हवा, असं पंचायत म्हणाली.
मी सही केली. माझंही तेच म्हणणं होतं.

मंगळवारी एकच थर बसला होता,
लाल, खरखरीत, चार वर्षांच्या पोराच्या नडगीएवढा.
शार्विल वर चढला, त्यानं हात पसरले
आणि अख्खं पर्ये गाव खाली राहिलं.
मागे विदिता, तिच्यामागे बाकीची नऊ,
एकामागे एक, पाय जपून.
घसरगुंडीशी मी ओरडून ओरडून थकते,
तिथे ही ओळ कधी झाली नाही.

बुधवारी दोन थर.
आता चालायचं नाही, उडी मारायची.
कुणी सांगितलं? मी नाही.
भिंतच म्हणाली असेल, गुडघ्याशी येऊन.

यमनप्पा मेस्तची रेणव्वा पटावर नाही.
घमेल्याशेजारी बसून असते.
तीच सगळ्यांत लांब उडाली.
आधी गुडघे कसे वाकवायचे
तिनंच दाखवलं, कन्नडमध्ये.
सगळ्यांना कळलं.

गुरुवारी तिसऱ्या थरावर दुकान.
काजूची पानं नोटा, चिऱ्याचा भुगा तिखट.
लवू, जो घरून तोंड शिवून येतो,
पलीकडे उभा राहून ओरडला,
"बांगडे घ्या, बांगडे! ताजे फडफडीत!"
समोर काहीतरी छातीला टेकलं
की बोलता येत असेल माणसाला.

शुक्रवारी नुसते केस दिसत होते.
शनिवारी तेही नाहीत.
पोरं भिंतीला पाठ लावून बसली,
आपण कदंबाची वाट बघत बसतो तशी.

संध्याकाळी यमनप्पा उरलेले चिरे मोजत होता.
बावीस, त्यातले काही फुटके.
म्हटलं, नेऊ नकोस, इथेच बसव.
कुठे? म्हणाला.
मला सांगता येईना.
सोळा वर्षं या अंगणात आहे,
पण बघते ती माझ्या उंचीवरून.

रेणव्वा उठली.
पायाच्या अंगठ्यानं मातीत रेघ ओढत गेली
फणसापासून नळापर्यंत,
मधेच वळली, मधेच तुटली,
तुटली तिथे उडी मारून पुढे गेली.
बाप ओळंबा हातात घेऊन बघत राहिला.
मग त्यानं तो पिशवीत टाकला.

सोमवारी मोजमापाला माणूस आला.
गडगा बरोबर भरला.
बावीस चिरे कमी पडतात, म्हणाला,
आणि अडखळला त्यांनाच.