लांब राहा

लेक सुपीरियर म्हणतात, पण सरोवर म्हणवत नाही त्याला.
पलीकडचा काठ दिसत नाही,
लाट उठली की पोटात गोळा येतो,
आणि ओंजळ भरून प्यायलं तर पाणी गोड.

या गोड पाण्यात नऊ मैल आत
टॅमरॅक खडकावर आमचं दीपगृह.
सरकारने एका डॉलरला विकलं.
तो डॉलर लेम्पीने दिला, पर्समधून, सुटा.
बाकीचे चार लाख अजून जमतायत.

पहिल्या उन्हाळ्यात आम्ही फक्त विष्ठा काढली.
पाणकावळ्यांची, चाळीस वर्षांची,
फावड्याने, नाकाला फडकं, कमरेला दोर.
वेइक्को म्हणाला, जमीन लागली तर हाक मारा.

दुसऱ्या उन्हाळ्यात रंग.
पांढऱ्याखाली पिवळट, पिवळटाखाली हिरवा,
हिरव्याखाली शिसं,
शिशासाठी मुखवटे, पोती, परवाने
आणि एक तरुण निरीक्षक, ज्याला बोट लागली.
कठडा धरून त्याने सही केली, डोळे मिटून.
लोखंडी जिन्याच्या त्रेसष्ट पायऱ्या मी घासल्या.
अडतिसावी अजून हलते. सांगून ठेवते.

भिंग वाचनालयाच्या तळघरात होतं,
जुन्या वर्तमानपत्रांत गुंडाळलेलं.
एक लोलक कमी.
तो निघाला दातांच्या डॉक्टरच्या खिडकीत:
कितीतरी वर्षं दुपारी तीनच्या सुमारास
आ वासून बसलेल्या माणसांच्या गालांवर
इंद्रधनुष्य पडत होतं म्हणे.
डॉक्टरने परत दिला, पण मनातून नाही.

मग उद्घाटन.
आर्व्हो निस्कालाला आणलं, शेवटचा रखवालदार, वय एक्क्याण्णव.
शिडी चढवेना, म्हणून
तेलाची पिंपं चढवायच्या पट्ट्यात बसवून
यारीने वर घेतलं.
टोपी धरून तो हवेत लटकला, काही बोलला नाही.

धक्क्यावर पाटी होती: या, स्वागत आहे.
ती त्याने दोनदा वाचली.
"सतरा वर्षं मी इथून एकच वाक्य म्हणत होतो," तो म्हणाला,
"रात्रभर, दर दहा सेकंदांनी.
लांब राहा. लांब राहा. लांब राहा.
आणि तुम्ही तिकीट लावून बोलावताय."

रागाने नव्हे.
बेरीज करताना हातचा विसरावा, तसा.

कुणाला उत्तर सुचलं नाही.
लेम्पीने कॉफी ओतली.
एका पोराने विचारलं, शू कुठे करायची,
आणि आर्व्होने न वळता बोट दाखवलं.

नंतर तो जिना चढला. नको म्हटलं तरी.
सावकाश, दर वळणावर थांबत.
अडतिसावी पायरी त्याने न बघता ओलांडली.
आणि दिव्याच्या खोलीच्या दारात
एकदम खाली वाकला,
अगदी खोल, टोपी हातात घेऊन,
जिथे डोक्यावर काहीच नव्हतं.

वेइक्कोने माझ्याकडे पाहिलं.
तिथे एक नळ आडवा गेला होता, वाफेचा, छप्पन सालचा.
आम्ही तो कापून काढला होता,
कारण कागदपत्रांत आमचं ठरलं होतं:
जसं एकोणीसशे अकरात होतं, तसं.
आर्व्हो इथे आला अठ्ठावन्नमध्ये.

त्याला सांगितलं नाही.
तो आत गेला, भिंगापाशी उभा राहिला,
काचेवरचा माझ्याच बोटाचा ठसा
बाहीने पुसून टाकला.

या उन्हाळ्यात एकतीस फेऱ्या ठरवल्या.
त्यातल्या बारा वाऱ्याने अर्ध्यातून परत पाठवल्या.
पैसे परत द्यावे लागतात, लोक कुरकुरतात,
मी वही पुढे करते, मान डोलावते.

पोचतात त्यांना मी वर नेते.
पायरीचं सांगते, वर्ष सांगते, मैल सांगते.
दारात पोचले की माझी मान आपोआप खाली जाते.
माझ्यामागून येणारेही वाकतात,
एकामागून एक, उंच, बुटके, खांद्यावरची पोरंसुद्धा.
अजून कुणी विचारलं नाही, का.