हीटर

शुक्रवारी सलमाबादची शटरं अर्धीच उघडतात.
आत मी, थंकच्चन, अब्दुन्नबी
आणि अठ्ठ्याऐंशी सालची करोला,
जिची मागची आठ वर्षं
हमद टाऊनच्या एका भिंतीला टेकून गेली.
मालकाने दीडशे दिनार सांगितले. साठावर तुटलं.
वर त्याने खजुराची पिशवी दिली,
आणि चावी देताना क्षणभर धरून ठेवली.

आधी उतरवायचं काम.
मागची सीट, अठरा किलो.
छताचं कापड, दारांतला फोम,
तळाला चिकटलेलं डांबर कोरडा बर्फ टाकून तडकवलं.
एसी सुटला तेव्हा थंकच्चनने हात जोडले:
या देशात स्वतःच्या हाताने एसी काढणारा माणूस
त्याने एकवीस वर्षांत पाहिला नव्हता.
एकेक तुकडा मी काट्यावर ठेवायचो
आणि भिंतीवर खडूने मांडायचो, वाण्याच्या वहीसारखं.
गालिच्याखाली पन्नास फिल्सचं नाणं निघालं, एक लाल क्लिप,
लिमलेटच्या गोळीचा कागद.
काटा हलला नाही. तरी लिहिलं.

गंजाचं काय सांगू.
खाऱ्या हवेने दाराखालचा पत्रा पापड केला होता,
बोट टेकवलं की बोट आत.
थंकच्चन अंदाजाने कापतो, अब्दुन्नबी मिलिमीटरमध्ये बोलतो,
मी अजून सुतात.
उद्यमनगरात हुपरीकर मिस्त्री म्हणायचे,
सूतभर जास्त खाल्लंस पोरा,
आता भर थुंकी लावून.
बुश कापताना लेथवर तीच थुंकी आठवते
आणि हात आपोआप हळू होतो.

चारी चाकांखाली चार काटे,
चालकाच्या जागी तांदळाची पोती, अब्दुन्नबीच्या वजनाची.
तो म्हणाला, पोतंच पाठवू या शर्यतीला,
हरलं तर बिर्याणी.

भांडण झालं ते हीटरवरून.
सहा किलो. काढ, अब्दुन्नबी म्हणाला.
बहरीनमध्ये हीटर? उंटाला स्वेटर?
त्याची कळ कारखान्यातून निघाल्यापासून फिरलीच नव्हती,
जाळीत मूठभर वाळू.
मी म्हटलं, राहू दे.
का, ते नीट सांगता आलं नाही.
पाना खाली ठेवला आणि चहा प्यायला गेलो.

हेमलताचा फोन तेव्हाच.
एवढ्यात बाथरूमला टाइल्स बसल्या असत्या.
बसतील, म्हटलं.
गाडी कोण चालवणार?
अब्दुन्नबी.
मग तुमचं काय त्यात?
मी परत येऊन लेथ सुरू केला. ऐकू येत नाही, म्हटलं.

ऑक्टोबर. सखीरची रात्र, अंगाला चिकटणारी.
तपासनीसाने टॉर्च मारून पाइपांचे सांधे पाहिले,
खिडकीखालचं नाव पाहिलं, नावापुढचा रक्तगट पाहिला,
हीटर पाहिला,
मग माझ्याकडे पाहिलं.

चौथ्या फेरीत काटा चढायला लागला.
पिट वॉलवरून तो दिसत नाही, गाडीच्या आवाजात दिसतो:
वळणातून निघताना एक दाणा कमी.
थंकच्चन मल्याळममध्ये देवाशी बोलत होता.
मी फळीवर मोठ्या अक्षरांत अरबीत लिहिलं,
शुद्धलेखनाची चूक करून,
हीटर फुल्ल.

त्याने वाचलं असावं.
सहाव्या फेरीला त्याच्या खिडकीतून
वाळूचा एक फुत्कार बाहेर पडला,
आठ वर्षं साठलेला,
आणि वळणातून आवाज पुन्हा गोल निघाला.

चौदा गाड्यांत अकरावे.
अब्दुन्नबी उतरला तो उकडलेला.
बूट उलटा केला, घाम ओतला,
आत भट्टी आहे, म्हणाला, तुझ्या बापाची भट्टी,
आणि माझ्या खांद्यावर ओला हात तसाच ठेवून
बराच वेळ काही बोलला नाही.

पहाटे गॅरेजमध्ये भिंतीपुढे उभा राहिलो.
यादीच्या तळाशी खडूने लिहिलं:
हीटर, सहा किलो.
पुढे काय लिहावं कळेना.
थंकच्चनने दिवा घालवला.