मागच्या दारची पट्टी

काळी माती फसवते.
वैशाखात मनगट जाईल एवढी भेग,
श्रावणात घोट्यापर्यंत लोणी.
म्हणून हिलाल आप्पांनी आधी दीड हात काळी उपसली,
नवापुरात, मागच्या दारी,
शेवगा तेवढा वाचवून.

खाली नदीचे गोटे, वर खडी, वर मुरूम,
सगळ्यात वर चाळलेला विटांचा भुगा.
थर मांडायचा, पाणी मारायचं, धुमसाने ठोकायचं.
"पानी कोठे जाई, हाई पहिले दख,"
मला म्हणाले,
आणि लेव्हलमधला बुडबुडा
केसभर न्हाणीकडे ढळू दिला.

तीस वर्षं बांधकाम खात्याचा रोलर चालवला.
ते रस्ते आज कुठे आहेत,
विचारू नये.

बाभळीचे आठ गोळे शहाद्याहून कातून आणले.
एक जरा अंडाकार निघाला;
तो बनाकाकूंनी मागून घेतला.

तीन रात्री कोसळला.
चौथ्या सकाळी आप्पा अनवाणी,
टाचेने दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत.
कोपऱ्यात काठवटीएवढं डबकं,
त्यात एक बेडूक, घर केल्यासारखा.
आप्पा काही बोलले नाहीत. थापी आणायला गेले.

तेवढ्यात काकूंनी पदर खोचून गोळा सोडला.
वाकडा गेला, आणखी वाकडा,
आणि लिंबाएवढ्या खुणेच्या गोळीला
जाऊन टेकला.