हॉर्नचे अठरा युरो

झुल्मीराची गाडी गॅरेजात शिरायच्या आधी
तिचा वास शिरतो.
दोन वर्षांपूर्वी एका पाववाल्याकडून घेतली, अडीच हजारांना.
सीटखाली अजून पीठ निघतं,
मासळीचं पाणी लागून त्याची खळ झालेली.

मी म्हटलं होतं, घेण्याआधी मला दाखव.
ती म्हणाली, अदेरितु,
तू बायको केलीस तेव्हा मला दाखवली होतीस का?

आज गाडी लिफ्टवर आहे.
मी खाली, हातात टॉर्च.

क्लच घसरतोय.
ग्वार्दाच्या वरच्या चढांवर इंजिन बोंबलतं
आणि चाकं ऐकत नाहीत.
क्लच काढला की फ्लायव्हीलही बदलावं लागतं,
एवढं उघडून जुनंच आत ठेवणारा मेकॅनिक
सहा महिन्यांनी शिव्या खातो.
मजुरी धरून सातशे ऐंशी.

सरकत्या दाराचा खालचा रोलर गेलाय.
उघडताना ती मांडी लावते, लावताना पाठ.
पंच्याण्णव.

पुढच्या डाव्या चाकाचं बेअरिंग
पन्नासच्या वर गेलं की घुमतं.
ती म्हणते, मी पन्नासच्या वर जातच नाही.
तरी लिहिलं. एकशे तीस.

टायमिंग बेल्ट कधी बदलला त्याचा कागद नाही.
पाववाला म्हणाला होता, नुकताच.
तीस वर्षांत मी किती 'नुकताच' तुटलेले पाहिले,
इंजिनासकट.
पाण्याच्या पंपासह चारशे वीस.

आणि मग तळ.
बर्फ वितळतो, खारं पाणी पेट्यांतून झिरपतं,
पत्र्याच्या घडीत जाऊन बसतं.
स्क्रूड्रायव्हर टेकवला फक्त,
तर मुठीपर्यंत आत.
वरून तारलीचा एक खवला माझ्या कपाळावर पडला.
ठिगळाचे दोनशे साठ,
आणि हमी नाही. मिठाची हमी कोण देतं?

कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे बेरीज केली.
सोळाशे पंच्याऐंशी.
आज विकायला काढली तर बाराशे येतील,
तेही सर्दी झालेल्या माणसाकडून.

तिने पान हातात घेतलं, दूर धरून वाचलं,
आणि म्हणाली, हॉर्न लिहिला नाहीस.

हॉर्न?

गुरुवारी बंद पडला, म्हणाली.
वरच्या वाडीत देवळाजवळ अर्धा तास थांबले, चिटपाखरू नाही.
अकरा माणसं राहतात तिथे, सगळ्यात तरुण एकाहत्तरची.
घड्याळ बघत नाहीत ती. दोन लांब, एक आखूड,
एवढं ऐकलं की बाहेर येतात.
चार किलो बांगडे परत आणले.
शनिवारी तराजूचं पारडं बडवत फिरले,
तर लिओपोल्दिना काळी शाल घेऊन बाहेर आली.
म्हणे, कोण गेलं?

मग दोघंही हसलो,
आणि हसणं संपल्यावर ती म्हणाली,
आधी हॉर्न. मग क्लच, हप्त्याने.
बाकीच्यातलं काय किती दिवस तग धरेल
ते तू सांग.

बेल्टशिवाय गाडी सोडणार नाही, मी म्हटलं.
तिने माझ्याकडे असं पाहिलं
जसं गिऱ्हाईक शिळ्या डोळ्यांच्या माशाकडे बघतं.
बरं, म्हणाली. बेल्टही.
दाराला मांडी आहे.
तळाबद्दल दोघंही काही बोललो नाही.

हॉर्नचं काही विशेष नव्हतं.
मिठाने खाल्लेलं एक टोक, हिरवं पडलेलं.
वीतभर वायर माझ्याच फळीवरची.
अठरा लिहिले. बारा लिहिता आले असते,
पण मग क्लचमधले शंभर तिने घासले असते.

गाडी अजून लिफ्टवरच होती.
तिचा हात स्टीअरिंगपर्यंत पोचेना,
म्हणून मीच खालून वायरीला वायर लावली.
दोन लांब.
एक आखूड.

रस्त्यापलीकडे एक खिडकी उघडली, मग दार.
औषधवाल्याची आई
एका पायात चप्पल सरकवत
पांढरी बशी घेऊन फुटपाथवर आली,
आणि डावीउजवीकडे बघत राहिली.

गाडी तिच्या डोक्याच्या वर होती.
मी हात हलवला,
आज नाही, आई. शुक्रवारी.