पुढची तारीख

धंतोलीच्या डॉक्टरनं विचारलं, आज तारीख किती?
माय म्हणाली, अक्तीला पाच दिवस हायेत.
होतेच पाच. पण त्यांच्या कागदात अक्ती नव्हती.
मग म्हणाले, घड्याळ काढा, अकरा वाजून दहा मिनिटांचं.
मायच्या हातात पेन मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.
तिनं एक गोल काढला, आत आणखी एक,
आणि बोट ठेवून म्हणाली,
पाणमोट फुटली नाई अजून.

डॉक्टर हसले नाहीत, हे सांगायला पाहिजे.
भला माणूस. दोन वर्षांच्या भानगडीला
त्यांनी अर्ध्या तासात नाव दिलं.
गावात कुणी बाहेरचं म्हणत होतं, कुणी सुनेचा जाच.
अल्झायमर.
लाखांदूरपर्यंत एसटीत मी ते तोंडातल्या तोंडात घोकत आलो,
उतरेपर्यंत दोन अक्षरं सांडली.

सहा महिन्यांनी या, म्हणाले.
सहा महिने म्हणजे किती,
ते रात्री दोनला कडी वाजली की कळतं.
"चाल ना बावा, उरकुड्याची सून अडली हाये."
उरकुड्याची सून आता स्वतः आजी आहे.

मंगळवारी शहारे सिस्टर येते उपकेंद्रातून,
स्कुटी हापशीजवळ लावते.
मेंदूतलं मला काही कळत नाही, असं तीच सांगते.
पण तिनं गोळ्यांचा डबा ओसरीवर उपडा केला,
एक पाकीट बाजूला सारलं:
ही खाऊनच त्या न्हाणीत पडल्या असतील.
धंतोलीला फोन लावला, स्वतःच्या मोबाइलवरून,
पाऊण तास धरून बसली.
मग मला म्हणाली, अन् तुम्ही झोपता का, भाऊ?

मी बैलाला पाणी दाखवायला उठलो.
बैल नुकताच पिऊन बसला होता.

सिस्टरला सातवा लागलाय.
मागल्या मंगळवारी मायनं
दंडावरचा बीपीचा पट्टा ओढून काढला,
तिलाच खाटेवर निजवलं,
कोपरापर्यंत हात धुतले, दोनदा,
आणि पोटावर ठेवले.
मला ती पोळ्यापासून ओळखत नाही.
हात मात्र थांबायचं तिथं थांबत गेले.
"आडवं हाये वं. फिरन अजून. भेवू नोको."

सिस्टरनं रजिस्टरात काही लिहिलं नाही.
लवकर उठलीही नाही.

पुढच्या महिन्यात ती रजेवर जाईल.
तिच्या जागी कोण, त्याची ऑर्डर आलेली नाही.
धंतोलीची तारीख दिवाळीच्या तोंडावरची.
फाइल मी ढोलीमागं खोचून ठेवतो,
माय रोज काढते,
मांडीवर घेऊन तिच्यावर लसूण सोलते.