मंगळवार तुझा

लेकीने पैसे पाठवले ते पुढच्या एका खुर्चीपुरते.
दुसरं तिकीट मागचं, त्रेचाळीसाव्या रांगेतलं,
तिघांमधलं मधलं.
"आपसात ठरवा," इन्ग्रिडने लिहिलं होतं,
जणू आम्ही उभ्या जन्मात काही आपसात ठरवलंय.

ब्लफच्या आमच्या स्वयंपाकघरात
मी शिवणाची टेप काढली.
अडतीस इंच: या पाठीपासून पुढच्या पाठीपर्यंत.
कपाट ओढून त्या मापावर आणलं,
समोर लाकडी खुर्ची,
आणि रात्री नऊ ते अकरा बसून पाहिलं.
डेन्झिल दारात उभा, हातात चहा.
"काय, सुटलं का विमान?"
"बोलू नकोस. ढगात आहे."

पहिली रांग नको. पाय ऐसपैस, कबूल,
पण जेवणाचा ट्रे खुर्चीच्या हातात दडलेला,
म्हणून बूड दोन बोटं आवळून घ्यायचं,
शिवाय समोरच्या भिंतीला टांगतात तान्ह्यांचे पाळणे.
शेवटची? मागे कुणी नाही, खुशाल रेलावं,
पण पडद्यापलीकडे ट्रॉल्यांची आदळआपट
आणि रात्रभर फटीतून उजेड.
खिडकी म्हणजे काळोख बघायचे पैसे.
माझा डावा खुबा म्हणत होता, उजवीकडची जोडी घे.
त्याचा उजवा गुडघा काही म्हणाला नाही.
तीस वर्षं कालवांच्या बोटीवर उभा होता तो,
बोलायची सवय नाही.
मी डावीकडची घेतली, दुसऱ्या रांगेत, वाटेकडची:
बावीस-सी.
उजवा पाय लांब सोडता येतो तिथून.

वाटणी डेन्झिलने केली.
"निघतो मंगळवारी. वाटेत तारखेची रेघ लागते,
ओलांडली की पुन्हा सोमवार.
मंगळवार माझा, सोमवार तुझा."
मला वाटलं, रेघ मध्यावर असणार,
पाव कापावा तशी.
टेपने सगळं मोजलं मी. नकाशा तेवढा राहिला.

ऑकलंड सुटून तास-सव्वा तास.
ट्रॉल्या अजून बाहेरही आल्या नव्हत्या.
डावीकडचा मुलगा माझ्या दंडावर झोपलेला,
उजवीकडच्या बाई विणत होत्या काहीतरी जांभळं,
आणि वाटेत, नुसत्या मोज्यांवर, डेन्झिल.
"ऊठ. मंगळवार संपला."
"इतक्यात?"
"मी काय करू? रेघ आपल्या दाराशीच आहे."
समुद्रावर आयुष्य काढलेला माणूस.
त्याला ठाऊक होतं.

बावीस-सी अजून कोमट होती.
गुडघ्यांना समोर काही लागेना,
चुकल्याचुकल्यासारखं झालं.
पण जेवले. सगळं. लोणीसुद्धा पुसून खाल्लं,
उगीच खोटं कशाला बोला.

मग पडद्यावर खालच्या पाण्यावरची वेळ:
अकरा अठ्ठावन्न. सोमवार.
अकरा एकोणसाठ.
लोसा, विमानातली ती हसरी मुलगी, म्हणाली, "काही हवंय का?"
म्हटलं, "मंगळवार आलाय. पोचता करायचाय."

तो जागाच होता, गुडघा दोन्ही हातांत धरून.
मुलाचं डोकं आता त्याच्या दंडावर.
"ऊठ. परत तुझा वार लागला."
त्याने मनगट पुढे केलं.
घड्याळ ब्लफचंच, तिथे अजून पहिला मंगळवार,
रात्रीचे अकरा.
"म्हणजे दोन्हीकडून तुझाच," मी म्हटलं.
तो म्हणाला, "पोरगं जागं होईल."
मी म्हटलं, "होऊ दे."
तो म्हणाला, "हळू बोल."

तेव्हा विणणाऱ्या बाईंनी सुया मिटल्या.
"तुमचं ठरेपर्यंत," त्या म्हणाल्या,
"मी जरा पुढे जाऊन बसू का?"
आणि उत्तराची वाट न पाहता गेल्या,
माझ्या खुर्चीत, माझ्या अडतीस इंचांत.

मी त्यांच्या जागी बसले. डेन्झिलने पाय सरकवला,
माझ्या दोन पावलांवरून, वाटेपर्यंत.
लोकरीचा गुंडा इथेच राहिला होता.
जांभळा धागा ताणत गेला होता अंधारातून,
त्रेचाळीसपासून बावीसपर्यंत,
आणि पाण्याचे पेले घेऊन येणारी लोसा
तो ओलांडताना
दर वेळी जरा पाय उचलत होती.